नवरा यायची वेळ

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसले होते. पायात चपला, मांडीवर कापडी पिशवी, आणि पाठीमागचं दार लावलेलं. भोसरीत, दिघीच्या रस्त्यापासून आत, तीन-तीन खोल्यांच्या बैठ्या घरांची ती गल्ली होती. मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि विचारलं, "विसरण्याचा त्रास असलेल्या आजी इथंच राहतात ना?"

"इथंच. आत हायत," ते म्हणाले. "मला जरा बाहेर काढलंय."

"कोणी?"

"बायकोनं. तिचा नवरा यायचा टाइम झालाय. परका माणूस घरात बसलेला बरा दिसत न्हाई."

मला वाटलं घर चुकलं. मी हातातली यादी पुन्हा पाहिली. "मग तुम्ही कोण?"

"मीच की नवरा," ते म्हणाले, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून उठले. "थांब बेटा. दहा मिनटं लागतील."

गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीचा आडोसा होता. ते तिकडे गेले आणि परत आले तेव्हा अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. खिशावरचा बिल्ला धुऊन धुऊन पुसट झालेला, कोपरावर ठिगळ, हातात स्टीलचा डबा. चालसुद्धा बदलली होती. पायरीवर बसलेला म्हातारा खांदे पाडून बसला होता. हा माणूस घाईत होता. त्यांनी दारावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "आलो गं."

दार उघडलं. दारात एक गोऱ्यापान, बारीक अंगाच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मीच ओशाळून खाली बघितलं.

"आज उशीर केलात."

"बस लेट होती."

"ते भाईजान मघापासून बसून होते. मी घालवून दिलं."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि डबा त्यांच्या हातात दिला.

माझ्याकडच्या छापील कागदावर एक प्रश्न होता: 'रुग्ण आपल्या जोडीदाराला ओळखतो का? हो किंवा नाही.' मी पेन हातात धरून उभी राहिले. त्या दिवशी तो चौकोन कोराच राहिला.

सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही चाचाच म्हणू लागले. ते एमआयडीसीत फिटर होते. आयुष्यभर पहिल्या शिफ्टला गेले, म्हणजे पहाटे निघायचं आणि दुपारी साडेतीनला सुटून चारच्या आत घरी. चाचींच्या डोक्यातून गेल्या काही वर्षांत पुष्कळ काही पुसलं गेलं होतं, पण चारच्या सुमाराला नवरा येतो, हे राहिलं होतं. फक्त तो नवरा निळ्या शर्टातला, काळ्या केसांचा होता. घरात दिवसभर वावरणारा, त्यांना भरवणारा, वेणी घालून देणारा पांढऱ्या दाढीचा माणूस कोण, हे त्यांना कळत नसे. स्वभावाने चांगला आहे, कोणीतरी नात्यातला असावा, असं धरून त्या त्याला भाईजान म्हणत.

"निकाहाला पंचेचाळीस वर्षं झाली," चाचा एकदा म्हणाले, "आणि आता भाऊ करून टाकलं मला." हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी तेव्हा एका अभ्यासासाठी घरोघर फिरायचे. वय झालेल्यांची स्मरणशक्ती आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं मन, असा तो विषय होता. मी लातूरकडची, भोसरीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होते. आमच्या अभ्यासाच्या प्रमुख मॅडम डॉक्टर होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "घरच्या माणसांत जीव गुंतवू नका. आणि जीव लावल्याशिवाय कोणी खरं बोलणार नाही. आता हे दोन्ही कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

सांभाळणाऱ्यासाठी एक लांबलचक प्रश्नावली असायची. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. बहुतेक बायका त्यातलं 'कधीकधी' निवडून मोकळ्या व्हायच्या. चाचांशी मात्र एकेका प्रश्नाला अर्धा अर्धा तास लागे.

"तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही, असं वाटतं का?" मी वाचलं.

"स्वतःसाठी म्हंजे काय करायला?"

"आवडीचं काहीतरी."

त्यांनी खरोखर विचार केला. "मग मिळतो की. रोज साडेतीन ते चार. पायरीवर बसून बायकोची वाट बघतो. दार कधी उघडंल, कशी हसंल... लग्नाआधी बघायला मिळालं न्हवतं ते. तेव्हा आमच्यात मुलगी दाखवत न्हवते."

"हे कुठल्या उत्तरात लिहू चाचा?"

"ते तुझं काम. मी माल दिला, मापात तू बसव."

दुसरा प्रश्न होता, 'तुम्हाला तुमच्या माणसाचा राग येतो का?' त्यावर ते आधी मला विचारायचे, "तुला तुझ्या आईचा येतो का?" मी सांगेपर्यंत ते उत्तर देत नसत. नियमाप्रमाणे मी माझं काही सांगायचं नव्हतं. पण मी सांगितलं. आईचा रोज फोन येतो, रोज तेच विचारते, जेवलीस का, आणि मी कधीकधी फोन वाजू देते, असं सगळं सांगितलं. चाचांनी मान हलवली. "मग माझं पण लिही, कधीकधी," ते म्हणाले. त्यांनी दिलेलं ते एकमेव सरळ उत्तर.

चाची कधी बिथरत. बांगड्या चोरल्या म्हणून ओरडत, भिंतीवर हात मारत. शेजारच्या बायका समजवायला धावत. चाचा सगळ्यांना मागे सारायचे. "चालू मशीनमध्ये हात घालायचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते दोन पावलं लांब, जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि वाट बघायचे. पाच मिनिटं, कधी तासभर. मग चाचींचा आवाज खाली येई, हात थांबे, आणि चाचा विचारत, "पाणी देऊ का?" बांगड्यांविषयी ते कधी एक शब्द बोलत नसत. "बांगड्या कुठं हायत ते तिला न्हाई ठाऊक, मला ठाऊक हाय. मग तिनं माझ्यावर ओरडायचं न्हाई तर कुणावर?"

कपाटाच्या दाराला एक मोठा आरसा होता. चाचींना त्यात एक म्हातारी बाई दिसायची. सुरुवातीला त्या घाबरल्या, मग त्यांची तिच्याशी ओळख झाली. मी मॅडमकडून शिकले होते की अशा वेळी आरसा झाकून टाकावा. चाचांनी झाकला नाही. ते तीन कप चहा करायचे आणि तिसरा आरशासमोर, खाली एका पाटावर ठेवायचे. "एकटी हाय बिचारी, कुणी येत न्हाई तिच्याकडं," चाची म्हणत. मी गेले की चार कप व्हायचे. आरशापुढचा चहा गार झाल्यावर चाचा स्वतः पिऊन टाकत, चाचींची पाठ वळली की. मग चाची रिकामा कप बघून समाधानाने म्हणत, "प्याली."

त्या घरात शिरलं की मला दुपारच्या झोपेत असल्यासारखं वाटायचं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, लेथचा आवाज, डिलिव्हरीवाल्यांची घाई; आत एक नवरा यायचा असे, एक बाई चहा पीत असे, एक भाईजान दाराबाहेर जात असे, आणि माणसं मात्र दोनच. संध्याकाळी खोलीवर जाऊन फॉर्म भरायला बसले की मला प्रत्येक वेळी वाटे, मी मोजते आहे ते आणि मी बघून आले ते, ही दोन वेगळी गावं आहेत.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. तो चाचांचा फिरायचा दिवस. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि तिला त्यांनी स्वतःच्या हाताने साइडकार जोडली होती. भंगारातून आणलेला पत्रा, एका मोडक्या रिक्षाची गादी, आणि चाचींनी मध्येच उठू नये म्हणून एक पट्टा. डोळ्यांना काळा चष्मा आणि डोक्यावर ओढणी घेऊन चाची त्यात अशा बसायच्या की रस्त्यावरची माणसं वळून बघत. मी चार-पाच वेळा माझ्या स्कूटीवरून त्यांच्या मागे गेले आहे. कामाचा भाग नव्हता तो.

एरवी ट्रकांनी भरलेले ते रस्ते गुरुवारी ओस असायचे. पत्र्याच्या शेड एकामागून एक बंद. फाटकावरचे वॉचमन खुर्चीत पेंगलेले, कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय पसरून. काशिदाची पिवळी फुलं डांबरावर पडलेली, आणि हवेत आदल्या दिवशीच्या ऑइलचा वास अजून रेंगाळलेला. चाचा स्कूटर इतकी हळू चालवत की चालणाराही पुढे जावा. चाची प्रत्येक बंद फाटकाकडे बघून हात वर करत, सलाम केल्यासारखा.

"सगळे कुठं गेले?" त्या विचारत.

"जेवायला गेलेत."

"एवढे सगळे?"

"भूक लागली असंल," चाचा म्हणत, आणि आम्ही तिघं त्या जेवायला गेलेल्या शहरातून फिरत राहायचो.

दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. चाचा पायरीवर होते, निळा शर्ट आधीच अंगात. मी शेजारी टेकले. ते गल्लीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "आज बस लेट हाय बेटा. शिफ्ट सुटून एवढा टाइम झाला, अजून पत्ता न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत.

मग काही क्षणांनी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आपल्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि उठून दारावर दोनदा टकटक केलं.

त्या वर्षी एक नवीन भाग आला होता. सांभाळणारा साठीच्या पुढचा असेल तर त्याचीही चाचणी घ्यायची. चाचांनी शर्ट उतरवला, म्हणजे पुन्हा भाईजान झाले, तेव्हा मी त्यांना तीन शब्द सांगितले: पतंग, विहीर, साखर. मग दुसरं काहीतरी विचारून पाच मिनिटांनी ते परत विचारायचे होते.

"साखर," ते लगेच म्हणाले.

"आणखी?"

ते छताकडे बघत राहिले. "साखर तर हायच..." मग हसून म्हणाले, "चहावाला माणूस मी. बाकीचं घेऊन काय करू?"

"चाचा, आकाशात उडवतात ते," मी म्हणाले. अशी मदत करायला सक्त मनाई होती.

"विमान?"

पुढे त्यांना घड्याळाचं चित्र काढता आलं नाही. ज्या हातांनी तीस वर्षं केसाइतका फरक ओळखला, त्या हातांनी बाराचा आकडा गोलाच्या बाहेर काढला. चाची शेजारी बसून कौतुकाने बघत होत्या. "छान काढलंय भाईजान," त्या म्हणाल्या. मी गुण लिहिले, आणि फॉर्म पालथा घातला.

त्या रात्री मला पायरीवरचं ते वाक्य सारखं आठवत राहिलं. वर्षभर मी मैत्रिणीला, मॅडमना, फोनवर आईलासुद्धा सांगत आले होते की एक माणूस बायकोसाठी रोज कसं नाटक करतो. आता कळेना, त्यातलं नाटक किती होतं. कधी तरी, कुठल्या तरी दुपारी, ते खरंच कामावरून येऊ लागले होते का?

मॅडमना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तपासणीला आणायला हवं. आणि घरच्यांना कळायला हवं. पण आधी त्यांना स्वतःला विचार. त्यांच्या मागे काही करायचं नाही."

मी विचारायचं दोन आठवडे टाळलं. मग गुरुवार आला आणि मी त्यांच्या स्कूटरमागे निघाले.

एका चौकात, जिथं चारही कोपऱ्यांना सारख्याच शेड होत्या, चाचा थांबले. मला वाटलं चाचींना काही दाखवताहेत. पण ते डावीकडे, उजवीकडे, मागे वळून बघत होते. त्यांनी इंजिन बंद केलं. ज्या रस्त्यांवर त्यांचं आयुष्य गेलं, तिथं ते उभे राहिले, पहिल्यांदा गावाबाहेर पडलेल्या माणसासारखे. मग मी ऐकलं, ते चाचींना विचारत होते, "आपण कुठून आलो गं?"

"तिकडून," चाचींनी काळ्या चष्म्यातून, अजिबात न घुटमळता हात केला.

आणि चाचा त्या हाताच्या दिशेने निघाले. तो रस्ता एका बंद कंपनीच्या भिंतीपाशी संपत होता. मी पोहोचले तेव्हा स्कूटर भिंतीला टेकून उभी होती. चाची पट्टा सोडवून खाली उतरल्या होत्या आणि पडलेली फुलं ओढणीत गोळा करत होत्या. चाचा कठड्यावर बसले होते. मी शेजारी बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मागच्या ईदपासून. नमाजात कितवी रकात, कितव्यांदा उठलो-वाकलो, ते चुकायला लागलं. वाटलं, वय झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "ते कागदावर लिहू नकोस."

"लिहिलंय चाचा. त्याच दिवशी."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी मान हलवली. "बरं केलंस. फिटरनं माप खोटं लिहिलं तर पुढचा माणूस मरतो."

"मुलीला सांगितलंत?"

त्यांची एकुलती एक मुलगी चाकणला होती. जावयाचं टायरचं दुकान, दोन मुलं, दोन खोल्या.

"न्हाई. एकाला ती सांभाळंल. दोघांना कोण सांभाळतं? मग हिला एकीकडं, मला दुसरीकडं. हिनं चार वाजता दार उघडलं आणि मी नसलो तर?"

"आणि आज मी मागे नसते तर?"

ते चाचींकडे बघत राहिले. चाचींनी एक फूल कानामागे खोचलं होतं आणि उरलेली ओढणीच्या एका भोकातून खाली गळत होती. चाचा उठले, स्कूटरची किल्ली काढली, तिच्या कड्यातला छोटा पाना वेगळा करून खिशात ठेवला, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं त्यांनीच मिटली.

दोन्ही गाड्या वॉचमनच्या भरवशावर सोडून आम्ही रिक्षाने निघालो. मध्ये चाची, दोन्ही बाजूंना आम्ही. अर्ध्या वाटेत चाचींनी अदबीने विचारलं, "भाईजान, तुम्ही कुठं उतरणार?"

"तुमच्याच गल्लीत," चाचा म्हणाले.

मुलीला फोन त्यांनी स्वतः केला. नंबर मी लावून दिला, कारण तो त्यांना आठवेना. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, दारातच रडायला लागली, आणि रडता रडता भांडायला लागली. "अब्बा, मला एकदा सांगता आलं नाही?"

"तुला दोन लेकरं हायत."

"मग आता चार होतील!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची दारं उघडली. मला वाटलं होतं चाचा म्हणतील, चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही. पण ते पुढे झाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तपासणी झाली. आम्हाला जी भीती होती तेच निघालं. महिनाअखेरीला दोघंही चाकणला गेले. दोघंही, एकाच टेम्पोत.

तिसऱ्या फेरीला मी चाकणला गेले. बाहेर कंटेनरची रांग, आणि दुकानामागे दोन खोल्या. पलंगावर चाचा आणि चाची भिंतीला टेकून बसले होते. शर्टाचं ते सगळं आपोआप थांबलं होतं. आता चाची कुणालाच बाहेर काढत नसत. त्यांनी चाचांचा हात मांडीवर घेतला होता आणि त्याच्या रेषांवरून बोट फिरवत होत्या. तो कुणाचा हात आहे, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. माझ्या कागदावर तोच प्रश्न होता, हो किंवा नाही. या वेळी मी 'हो'वर खूण केली.

चाचांनी मला ओळखलं नाही. "कुठल्या कंपनीत हायस बेटा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घरोघर जाऊन प्रश्न विचारते. "मग चपला चांगल्या घाल," ते म्हणाले, आणि माझ्या पायांकडे काळजीने बघत राहिले.

आता सांभाळणारी म्हणून प्रश्नावली मुलीची भरायची होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती पटापट उत्तरं देत होती: कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. पाठ टेकायला वेळ नाही, झोप नाही, दुकानात हात द्यायला जमत नाही. सगळं तिने न लपवता सांगितलं. शेवटी मी कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला. "सगळ्यात जड काय जातं?"

तिने निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली.

"दुपारी दोघं झोपतात ना ताई," ती म्हणाली, "तेव्हा घर एवढं गप्प होतं, की मला भीती वाटते. मग मी मुद्दाम एखादं भांडं आपटते. दोघांतलं कुणीतरी हाक मारतं. कधी अम्मा म्हणतात, कधी मोठी बहीण समजून आपा म्हणतात, कधी माझ्या मेलेल्या फुफीचं, अब्बांच्या बहिणीचं, नाव घेतात. कुठल्याही नावानं हाक मारली तरी चालते मला."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून चाचांचा आवाज आला. त्यांनी कुणाला तरी हाक मारली होती. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, तिनेही नव्हतं.

"आले," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत उठली.